मुलाला कोणत्या शाळेत घालावे?



जून जवळ आला की वस्तीत घरोघरी हाच प्रश्न असतो. शेजारचा मुलगा टाय लावून जातो, म्हणून आपणही कर्ज काढतो. त्यात आम्हीही आलोच. आज जरा हिशेब मांडू या.

जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या शाळेत आठवीपर्यंत फी नाही; पुस्तके व माध्यान्ह भोजन मिळते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अल्पसंख्याक शाळा वगळता खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. मात्र ही सवलत आठवीपर्यंतच. नववीची फी कोठून आणणार, हे आजच ठरवावे. दहावीच्या तोंडावर शाळा बदलली तर नुकसान मुलाचेच. नवोदय विद्यालयात सहावीला परीक्षेने प्रवेश मिळतो, राहणे-जेवण मोफत. तिथे किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत.

सरकारी शाळा वाईट म्हणून आपण पाठ फिरवतो. पण तिच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. ती खुर्ची आपण रिकामी ठेवली, तर दोष कुणाला द्यावा?