विवाहितेचे नाव : रूढी आणि कायदा



आजच्या व्याख्यानासाठी निवडलेला विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलावे की नाही, आणि बदलावयाचे झाल्यास ते कायद्याच्या दृष्टीने कसे बदलते, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु पदवीचे प्रमाणपत्र, बँकेतील खाते, घराचा दस्तऐवज, मृत्युपत्र हे सारे नावाच्या आधारावर उभे असते. ज्या व्यक्तीचे नाव आयुष्याच्या मध्यावर बदलते, तिला ‘ती मीच’ हे पुनःपुन्हा सिद्ध करावे लागते. आपल्या देशात हा भार जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांवर पडतो. म्हणून या प्रश्नाचा थोडा निवांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

प्रारंभी एक मूलभूत गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पत्नीने पतीचे आडनाव लावलेच पाहिजे असा कायदा भारतात नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा घ्या किंवा १९५५ चा हिंदू विवाह कायदा घ्या. विवाहाच्या अटी, नोंदणी, घटस्फोट यांसंबंधीची कलमे त्यांत आहेत. पत्नीने कोणते आडनाव धारण करावे याविषयी मात्र एक शब्दही नाही. ज्याला आपण नियम समजतो ती रूढी आहे, आणि रूढी प्रांतोप्रांती भिन्न आहे.

तमिळनाडूत आडनाव लावण्याची प्रथाच फारशी उरलेली नाही. १९२९ मध्ये चेंगलपट्टू येथे भरलेल्या स्वाभिमान चळवळीच्या परिषदेने जातिवाचक उपनामे टाकून देण्याचा पुरस्कार केला. तेथे नावाआधी पित्याच्या नावाचे आद्याक्षर लावतात आणि विवाहानंतर अनेक स्त्रिया त्याऐवजी पतीच्या नावाचे आद्याक्षर लावतात. आडनाव गेले, पण प्रश्न एका अक्षरापुरता शिल्लक राहिला! शीख समाजात स्त्रीच्या नावापुढील ‘कौर’ विवाहापूर्वी आणि विवाहानंतरही कायम असते. मेघालयातील खासी लोकांत कुळ आईकडून चालते. मुले आईच्या कुळाचे नाव लावतात आणि विवाहाने स्त्रीचे कुळ बदलत नाही.

महाराष्ट्रातील रीत या सर्वांहून अधिक व्यापक होती. मराठी नाव तिपदरी असते : स्वतःचे नाव, पित्याचे किंवा पतीचे नाव, आणि आडनाव. विवाहाबरोबर यांतील शेवटचे दोन पदर बदलत आणि पुष्कळदा पहिलाही बदले. ताम्हनात तांदूळ पसरून त्यावर वधूचे नवे नाव लिहिण्याचा विधी आजही अनेक घरांत होतो. कल्याणच्या यमुनेचे माहेर जोशी आणि सासरही जोशी. आडनाव बदलण्याचे कारणच नव्हते. तरी ती यमुनेची आनंदी झाली, आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील वैद्यकीय पदवी मिळवून डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून इतिहासात गेली. त्याच पिढीतील दुसरी यमुना, कुर्लेकरांची कन्या, विवाहानंतर रमाबाई रानडे झाली. आपल्याला ही दोन नावे इतकी परिचित आहेत की त्यांमागे दोन यमुना होत्या याचे सहसा स्मरणही होत नाही.

ग्रंथव्यवहारात वावरणाऱ्यांना हा प्रश्न वेगळ्या बाजूने भेटतो. एकाच लेखिकेची पुस्तके दोन नावांनी प्रसिद्ध झाली असतील तर तालिकेत ती कोणत्या नावाखाली नोंदवावी? बाळूताई खरे विवाहानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या, आणि वाचकांच्या मनात तर त्या विभावरी शिरूरकर या तिसऱ्याच नावाने राहिल्या. पंजाबी कवयित्री अमृता प्रीतम यांनी पती प्रीतम सिंग यांचे नाव आपल्या नावाला जोडले होते. १९६० मध्ये विवाह संपुष्टात आला, तरी ते नाव त्यांनी अखेरपर्यंत ठेवले. कारण तोवर ते त्यांच्या काव्याचे नाव झाले होते. अशा वेळी ग्रंथपाल एक साधी युक्ती करतो. जुन्या नावाच्या पत्रावर तो ‘पाहा’ असे लिहून नव्या नावाकडे बोट दाखवितो. कायद्यातील नावबदल म्हणजे तत्त्वतः हीच युक्ती आहे. जुने नाव पुसले जात नाही, ते नव्या नावाशी जोडले जाते.

हे जोडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्राचा. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले, त्यामुळे हे प्रमाणपत्र आता बहुधा उपलब्ध असते. आधार, पॅन, पारपत्र आणि बँकेचे खाते यांवर पतीचे आडनाव घालण्यास सामान्यतः ते पुरेसे ठरते. दुसरा मार्ग राजपत्राचा. तेथे प्रथम प्रतिज्ञापत्र, मग वृत्तपत्रांत जाहीर सूचना आणि शेवटी राजपत्रात प्रसिद्धी, असा क्रम असतो. भारताच्या राजपत्रात अशा खाजगी सूचना चौथ्या भागात छापल्या जातात; महाराष्ट्रात हे काम शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे आहे. पहिले नावही बदलले असेल, किंवा विवाहाशी संबंध नसलेला बदल असेल, तेव्हा हा दुसरा मार्ग धरणे इष्ट.

येथे व्यवहारातील तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, विद्यापीठे पूर्वी दिलेल्या पदवीवरील नाव विवाहाच्या कारणाने सहसा बदलत नाहीत; म्हणून विवाहाचे प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत पदवीच्या प्रमाणपत्रासोबत जपून ठेवावी. दुसरी, अर्धे कागद जुन्या नावाचे आणि अर्धे नव्या नावाचे अशी स्थिती सर्वांत त्रासदायक असते. बदलावयाचे तर सर्वत्र बदलावे, न बदलावयाचे तर कोठेही बदलू नये. तिसरी, लेखन अक्षरशः एकच असावे. मधले नाव एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर आद्याक्षराने लिहिले, तरी तेवढ्यावरून कचेरीत खेपा पडतात.

खरी कसोटी लागते ती परतीच्या वाटेवर. विवाह मोडला आणि स्त्रीला माहेरचे नाव पुन्हा घ्यावयाचे असले तर काय? केंद्रीय प्रकाशन विभागाच्या नियमानुसार तिने घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत किंवा पतीचे ना-हरकत पत्र सादर करावे, अशी अट होती. २०२४ मध्ये एका स्त्रीने या अटीला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. नाव घेताना कोणाची संमती लागली नाही. मग सोडताना ती का लागावी, असा हा साधा प्रश्न आहे. घटस्फोटाचा दावा वर्षानुवर्षे चालतो, आणि त्या काळात ज्याच्याशी वाद आहे त्याचीच परवानगी मागावयाची, यातील विसंगती सांगण्यास कायद्याचा पंडित लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळासंबंधीच्या निकालात, नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा भाग असून त्यावरील तिचे नियंत्रण अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते, हे तत्त्व मान्य केले आहे.

परिस्थिती पालटत आहे, यात शंका नाही. स्त्रियांना विवाहानंतर पारपत्रावरील नाव बदलण्याची आवश्यकता नाही, अशी घोषणा २०१७ मध्ये पंतप्रधानांनी केली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावात प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव यावे. तिपदरी नाव आता चौपदरी होत आहे. ज्या आईचे नाव कागदोपत्री कोठेच येत नसे, ती आता मुलाच्या नावात उभी राहील.

श्रोतेहो, पतीचे आडनाव घ्यावे असे मी सांगत नाही आणि घेऊ नये असेही सांगत नाही. कित्येक स्त्रिया ते आनंदाने आणि आपलेपणाने घेतात. माहेरचे आडनावही अखेर पित्याकडूनच आलेले असते. माझे म्हणणे इतकेच की हा निर्णय विवाहाच्या गडबडीत, कोणी तरी भरलेल्या अर्जावर परस्पर होऊ नये. आपल्या घरात उद्या विवाह असेल, तर निमंत्रणपत्रिकेचा मजकूर ठरविण्यापूर्वी मुलीला एवढेच विचारा की तुला कोणत्या नावाने राहावयाचे आहे. तिचे उत्तर काहीही असो, ते तिचे असावे.