आलेखात न उमटणारं
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



मी ई.ई.जी. तंत्रज्ञ आहे. मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख काढणं हे माझं काम. माणसाच्या मेंदूचा असा पहिला आलेख १९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी काढला.

तपासणीला आलेल्या बायका आधी विचारतात, "ताई, शॉक देणार का?" नाही. यंत्र मेंदूला वीज देत नाही, मेंदूतली वीज नोंदून घेतं. त्यासाठी तेल न लावता, केस धुऊन यायचं. आम्ही डोकं टेपनं मोजून वीसेक ठिकाणी पेस्टनं इलेक्ट्रोड चिकटवतो. माझी बोटं केसांत असतात तेव्हाच बायका बोलतात. एकजण म्हणाली, "गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवते. सासरी कळलं तर माहेरी पाठवतील." लपवण्याच्या नादात गोळी चुकते आणि पुन्हा झटका येतो.

मुलींच्या आया विनवतात, "लग्न ठरलंय, रिपोर्ट नॉर्मल द्या." रिपोर्ट डॉक्टर लिहितात, मी नाही. पण नॉर्मल आलेख म्हणजे फिट्सचा आजार नाही, असं नसतं. झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला आलेख पुष्कळदा नॉर्मल येतो. उलट, आलेखात थोडा फरक दिसला म्हणून आजार आहेच, असंही नाही. हा कागद मुलीच्या लायकीचा दाखला नव्हे.

कायद्यानंही हा कलंक जपला होता. वारंवार फिट्स येणाऱ्या व्यक्तीचं लग्न हिंदू विवाह कायद्यानुसार रद्द करून घेता येत असे. १९९९ च्या दुरुस्तीनं अपस्मार हा शब्द त्यातून आणि विशेष विवाह कायद्यातूनही काढला. घराघरांतून तो अजून निघालेला नाही. म्हणून लग्नाआधी आजार मोकळेपणानं सांगता यावा, यासाठी मुलीच्या पाठीशी आपण उभं राहायला हवं.

आणखी एक. कुणाला झटका आला तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखान्यात न्या. काय पाहिलंत ते डॉक्टरांना नीट सांगा. निदान मुख्यतः त्या वर्णनावरच होतं. आमचा आलेख त्याला जोड देतो. झटका आला तेव्हा मी तिथे नसते, तुम्ही असता.