घराघरांतील वीजसाठा आणि नागपूरचा उन्हाळा



मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा शहरातील गच्च्यांवरचे सौर संच दिवसभर वीज देत असतात. अतिउष्णतेने त्यांचे उत्पादन काहीसे घटते, तरीही ते पुरेसे असते. सूर्य मावळताच मात्र ते शून्यावर येते आणि कूलर व वातानुकूलन यंत्रे पहाटेपर्यंत चालूच राहतात. ही तूट कोराडी, खापरखेडा यांसारख्या औष्णिक केंद्रांनी भरून काढावयाची, ही आजवरची रीत. दुपारची वीज घरोघरी साठवावी, सायंकाळी ती वितरण जाळ्याला परत द्यावी आणि ग्राहकाला तिचा मोबदला देयकात वळता करून मिळावा, हा विचार अलीकडे जगात रुजू लागला आहे. छतावरील सौरऊर्जेत नागपूर जिल्हा राज्यातील आघाडीच्या जिल्ह्यांपैकी एक असल्याने येथे तो तपासून पाहणे उचित ठरेल.

या व्यवहाराचा अर्धा भाग नागपूरकरांच्या परिचयाचा आहे. राज्य वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे विनियम केले व २०१९ मध्ये ते नव्याने केले. त्यानुसार घरातून जाळ्यात गेलेले युनिट वापरातून वजा होतात, उरलेले पुढील महिन्यात ओढले जातात आणि आर्थिक वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे आयोगाने ठरविलेल्या दराने मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या घरगुती संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले. असा संच महिन्याला साधारण ३६० युनिट देतो. पण बहुतेक घरांत साठवणुकीची सोय नसते. इतकेच नव्हे, तर जाळ्यातील पुरवठा खंडित होताच संचही आपोआप बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ही दक्षता आवश्यकच आहे. तरी छतावर वीजनिर्मिती आणि खाली अंधार, हे पाहून अनेक गृहस्थ चकित होतात.

आता बॅटरीचा हिशेब पाहू. भारनियमनाच्या काळात विदर्भात घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यातील १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट मावतात. प्रत्यक्षात हाती लागतात त्याहून कमी. शिवाय हे यंत्र घरापुरतेच चालते, जाळ्यात वीज सोडण्याची रचना त्यात नसते. त्यासाठी वेगळा इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी आणि दूरसंदेशाने चालणारी नियंत्रणयंत्रणा लागते. एका घराने सायंकाळी १ किलोवॉट दिला, तरी कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या एका संचाची बरोबरी करण्यास ६ लाख ६० हजार घरे लागतील. म्हणून या योजनेकडे औष्णिक केंद्राला पर्याय म्हणून पाहणे भाबडेपणाचे होईल. तिचा खरा उपयोग गल्लीतील रोहित्राला आहे. १०० केव्हीएच्या रोहित्रावरील २० घरांनी एकेक किलोवॉटचा भार उचलला, तर सुमारे पाचवा हिस्सा हलका होतो आणि मे महिन्यातील रात्री ते जळण्याची भीती कमी होते.

मोबदल्याचे काय? १ जुलै २०२५ पासून राज्यात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैशांपासून सवलत लागू झाली. टाकीत पाणी चढविणारा एक अश्वशक्तीचा पंप रोज तासभर दुपारी चालविला, तर महिन्याकाठी सुमारे १८ रुपये वाचतील. तेवढ्यासाठी कोणी दिनक्रम बदलील, असे वाटत नाही. नेट मीटरिंगमध्ये दुपारच्या युनिटाच्या बदल्यात रात्री युनिट मिळत असेल, तर जाळे हीच घराची बॅटरी ठरते. मग पदरचा पैसा घालून दुसरी कोण घेणार? सायंकाळच्या युनिटाला वेगळा व भरीव भाव मिळाल्याखेरीज साठवणूक पसरणार नाही.

कॅलिफोर्नियात २०२२ मध्ये टंचाईच्या वेळी दिलेल्या युनिटामागे २ डॉलर मोबदला ठेवण्यात आला होता. मुंबईत टाटा पॉवरने २०२३ मध्ये ६,००० मोठे व्यापारी-औद्योगिक आणि ५५,००० घरगुती ग्राहक समोर ठेवून मागणी कमी करण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात वीज परत देण्याची अपेक्षा नव्हती. ठरल्या वेळी वापर आवरावयाचा होता. बॅटरी न परवडणाऱ्या कुटुंबाला हाच मार्ग मोकळा आहे. भाडेकरूला छत नसते, पण गीझर थोडा वेळ थांबविणे त्याच्या हाती असते.

खरी अडचण विश्वासाची आहे. स्मार्ट प्रीपेड मीटरांना राज्यात मोठा विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये ते सामान्य ग्राहकांना न बसविण्याची घोषणा शासनाला करावी लागली. ज्या घराने मीटरबद्दल शंका घेतली, ते आपल्या बॅटरीची कळ परक्या हाती सहजी देणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. बॅटरीतील किती हिस्सा घरासाठी राखीव राहील, वर्षातून किती वेळा वीज मागितली जाईल, नकार दिल्यास दंड होईल काय, वापराची माहिती कोण पाहील, हे करारात स्वच्छ मराठीत लिहिलेले असावयास हवे. ग्रामसभेत किंवा शाळेत हा विषय निघाल्यास चर्चा याच प्रश्नांपासून सुरू व्हावी. अमेरिकेतील व्हर्मॉन्ट राज्यात ग्रीन माउंटन पॉवर ही कंपनी ग्राहकांच्या बॅटऱ्या एरवी वापरते. वादळाची सूचना येताच मात्र त्या घरासाठी पूर्ण भरून ठेवते. नागपुरात वळवाच्या पावसात झाडाची फांदी तारांवर कोसळते, त्या रात्रीसाठी अशी अट करारात प्रथम घालावी लागेल.