यादी
(मंठ्यातल्या सभेतलं भाषण)



२० सप्टेंबर २०१८ला सरकारनं लैंगिक गुन्हेगारांची यादी काढली, पोलिसांपुरती. त्यात जुन्या शिक्षांचीही नावं. घटनेचं २०(१) कलम सांगतं, गुन्ह्याच्या वेळच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा नाही. मग नोंद म्हणजे शिक्षा का? अमेरिकेच्या सर्वोच्च कोर्टानं २००३ला अलास्काच्या यादीबाबत सांगितलं, नाही.

पारध्यांना विचारा राव! १८७१पासूनच्या कायद्यांनी जातच्या जात गुन्हेगार ठरवली. १९५२ला कायदा गेला, पोलिसाच्या डोक्यातली यादी तशीच.

बलात्काऱ्याची कीव मला नाही. पण खैरलांजी, २००६. खुनाची शिक्षा लागली; ॲट्रॉसिटी, विनयभंग कोर्टात टिकले नाहीत. म्हणजे त्या गुन्ह्यासाठी या यादीत त्यांचं नाव येणारच नाही.