यार्डांचा हिशेब आणि जिम ब्राऊन

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखेत घट्ट धरून, बचावपटूंना चुकवत किंवा सरळ धडक देत पुढे घुसणारा खेळाडू म्हणजे रनिंग बॅक. तो किती यार्ड धावला, यावर त्याचं मोजमाप. मग सर्वश्रेष्ठ कोण? बेरीज पाहिली तर एमिट स्मिथ. १८,३५५ यार्डांचा त्याचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पण डॅलसच्या संघात त्याला वाट करून देणारी फळी फार भक्कम होती, असं लगेच ऐकवलं जातं.

माझा कौल जिम ब्राऊनला. १९५७ ते १९६५ असे नऊ हंगाम तो क्लीव्हलँडकडून खेळला आणि त्यातल्या आठ हंगामांत लीगमध्ये सर्वाधिक यार्ड त्याचेच. तेव्हा हंगामात सामने आधी १२, नंतर १४. आता १७ असतात. त्यामुळे नुसती बेरीज त्याच्यावर अन्यायच करते. दर सामन्याला सरासरी १०४ यार्ड, आणि एकही सामना चुकवला नाही! १९६६ मध्ये तो काम करत असलेल्या ‘द डर्टी डझन’ या चित्रपटाचं लंडनमधलं चित्रीकरण लांबलं, सरावाला न आल्याबद्दल संघमालक दंडाची भाषा बोलू लागला, आणि या गड्याने तिशीतच खेळ सोडला.

बॅरी सँडर्सचे चाहते हे मान्य करणार नाहीत. डेट्रॉइटच्या बेताच्या संघात त्याने १९९७ च्या एका हंगामात २,०५३ यार्ड काढले होते. आणि शिकागोत? तिथे वॉल्टर पेटनशिवाय दुसरं नाव घेऊन पाहाच.