मोंढ्याची पट्टी आणि अर्थशास्त्राचा धडा

इयत्ता नववीच्या भूगोलात ‘अर्थशास्त्राशी परिचय’ हे प्रकरण आहे. परंतु धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्याला या शास्त्राचे प्रत्यक्ष दर्शन घडते ते सुगीत, जेव्हा मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोयाबीन विकून परतलेले वडील खिशातील घडी घातलेली विक्रीची पट्टी त्याच्या हाती ठेवतात. वजन, दर, हमाली, तोलाई ही कलमे त्याने वहीत उतरून घ्यावीत. आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलमागे ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असतानाही बाजारभाव त्याखाली का राहिला, याचा शोध आवक, ओलावा व जगातील सोयापेंडीची मागणी यांत घ्यावा. म्हणजे मागणी-पुरवठा हे शब्द परीक्षेपुरते न उरता घरच्या जमाखर्चाचा अर्थ उलगडतील.