पल्स कोण पाठवणार?

घरी छोटा सीएनसी राउटर उभा करणारा माणूस कंट्रोल सॉफ्टवेअर निवडतो ते बहुधा स्क्रीन बघून. माझा आग्रह आहे की आधी एवढंच विचारा: मोटरला पल्स कोण पाठवणार?

स्टेपर मोटर एका पल्सला एक पाऊल सरकते. ती खरंच सरकली का, हे साध्या राउटरमध्ये कोणी तपासत नाही. पल्स वेळेवर आल्या नाहीत तर स्टेप मिस होतात, आणि सागाच्या फळीवरचं अर्धं अक्षर दोन मिलिमीटर शेजारी कोरलं जातं. फळी वाया.

म्हणून लिनक्ससीएनसी हे कंट्रोल सॉफ्टवेअर वेळ काटेकोर पाळणाऱ्या रिअल-टाइम कर्नलवर चालतं. या सॉफ्टवेअरचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेतलं. ते बसवण्याआधी कॉम्प्युटर किती उशीर करतो हे मोजणारी त्याची लेटन्सी टेस्ट लावा आणि त्याच वेळी व्हिडिओ चालवा, मोठ्या फाइली कॉपी करा. पॅरलल पोर्टवरून पल्स द्यायच्या असतील, तर आकडा वीस हजार नॅनोसेकंदांच्या आत राहिला की कॉम्प्युटर उत्तम. लाखावर गेला, तर दुसरा कॉम्प्युटर शोधा. विंडोजवर चालणारं माक-३ अनेकांच्या सवयीचं आहे. पण त्याचा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर ३२ बिट विंडोजपुरताच. नवी सुरुवात त्यावर करू नये.

जीआरबीएल या तिसऱ्या सॉफ्टवेअरची वाट वेगळी. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कॉगसरुड यांनी ते सुरू केलं. पल्स वेळेवर पाठवण्याचं काम आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर, अवघ्या दोन किलोबाइट रॅममध्ये होतं. कॉम्प्युटर फक्त जी-कोडच्या ओळी पाठवतो. मला या काटकसरीचं फार कौतुक वाटतं.

पण हिशेब करा. मोटरच्या एका फेऱ्याला २०० पावलं. मोटर ड्रायव्हर एक-अष्टमांश पावलावर ठेवला की १६०० पल्स. अक्ष सरकवणारा स्क्रू एका फेऱ्याला पाच मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे मिलिमीटरला ३२० पल्स. मिनिटाला ३००० मिलिमीटर वेगाला सेकंदाला १६,००० पल्स लागतात. उनोवरच्या जीआरबीएलची मर्यादा सुमारे ३०,०००. तेव्हा हे आरामात बसतं. ड्रायव्हर एक-षोडशांशावर नेलात की ३२,००० होतात आणि बसत नाहीत! हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. तो केल्याशिवाय खरेदी करू नका.

तीन अक्षांवर लाकूड कोरायचं असेल तर जीआरबीएल निःशंक घ्या. लेथवर आटे पाडायचे असतील तर टूलची चाल स्पिंडलच्या फेऱ्याशी बांधावी लागते. तिथे एन्कोडर बसवून लिनक्ससीएनसीच.

शेवटी एक कळकळीची विनंती. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण कुठल्याही सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नका. त्याने स्पिंडलचा आणि मोटर ड्रायव्हरचा वीजपुरवठा थेट तोडला पाहिजे. पहिली फळी बांधण्याआधी ते बटण दाबून बघा.